लाल सोन्याचे कलिल: झिग्मोंडी यांचे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून पाहण्याची कृती

सांगली-साताऱ्याकडची बी.एस्सी., एम.एस्सी.ची बहुतेक मुले नॅनो विषयाचा प्रकल्प घेतात तेव्हा तुळशीचा नाहीतर कडुनिंबाचा अर्क काढतात, त्यात सिल्व्हर नायट्रेट घालतात आणि द्रावण तपकिरी झाले की ‘नॅनोकण तयार झाले’ असे लिहून मोकळी होतात. कण किती मोठे आहेत, सगळे सारखे आहेत का, मुळात कण आहेत हे कशावरून, हे प्रश्न तसेच राहतात. पानाच्या अर्कात काय काय विरघळले आहे हे कोणालाच नीट ठाऊक नसते, त्यामुळे पुढच्या वर्षी तोच प्रयोग केला तर रंग वेगळा येतो.

रिचर्ड झिग्मोंडी यांनी आयुष्यभर नेमके याच प्रश्नांवर काम केले. १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले ते कलिल द्रावणे (कोलॉइड, म्हणजे द्रवात अतिसूक्ष्म कण तरंगत असलेली) एकजिनसी नसतात हे दाखवून दिल्याबद्दल आणि ते दाखवण्यासाठी बसवलेल्या पद्धतींबद्दल. सोन्याचे लाल पाणी त्यांच्याही आधी तयार होत होते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली फॉस्फरस वापरून ते केले होते. झिग्मोंडी यांचे मोठेपण पुराव्यात आहे. म्हणून खाली लाल सोने करण्याची कृती आहेच, पण त्याहून जास्त जागा ते तपासण्याला दिली आहे. प्रकल्पाचा वेळही त्याच प्रमाणात वाटा.

माणसाची थोडी ओळख आधी हवी. जन्म व्हिएन्नाचा, १ एप्रिल १८६५. वडील दातांचे डॉक्टर, ते मुलगा पंधरा वर्षांचा असतानाच गेले. म्युनिकला सेंद्रिय रसायनात शिक्षण झाले, पण पुढे बर्लिनला भौतिकशास्त्रज्ञ कुंट यांच्याकडे काम करताना काचेवरच्या आणि चिनी मातीवरच्या सोन्याच्या रंगांशी गाठ पडली. १८९७ ते १९०० ही वर्षे त्यांनी येनाच्या शॉट काचकारखान्यात काढली. तिथली दुधी काच त्यांनीच बसवलेली. नंतर नोकरी सोडून काही वर्षे स्वतंत्र संशोधन, आणि १९०८ पासून जवळजवळ अखेरपर्यंत गॉटिंगेन विद्यापीठ. १९२९ साली तिथेच निधन झाले. काच, रंग आणि सोने हे तीन धागे त्यांच्या सगळ्या कामात आहेत, आणि तुमच्या प्रयोगातही पहिली अडचण काचेचीच येणार आहे.

पाणी आणि काच

झिग्मोंडी यांच्या लक्षात आले होते की साध्या ऊर्ध्वपातित पाण्यानेही कलिल बिघडते, म्हणून ते चांदीच्या नळीतून थंड केलेले पाणी वापरत. आपल्याला तेवढे करायची गरज नाही, पण पाण्याची परीक्षा घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातले बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले असते आणि प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातन यंत्र वेळेवर साफ केले नसेल तर ते क्षार उडून पलीकडच्या भांड्यात येतात. परीक्षा सोपी आहे: ५ मि.लि. पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या ०.१ मोलर द्रावणाचे दोन थेंब टाका आणि काळ्या कागदासमोर धरून पाहा. जराशी दुधाळ झाक दिसली तरी ते पाणी नको. बॅटरीसाठी विकतात ते डिस्टिल्ड वॉटर या परीक्षेत कधी पास होते, कधी नाही. प्रत्येक कॅन वेगळा तपासा.

काच अम्लराजाने धुवायची: तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग संहत नायट्रिक आम्ल, मापाने. हे फ्यूम हूडमध्येच (विषारी वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि चष्मा घालून, शिक्षक समोर असताना. लागेल तेवढेच बनवा आणि कधीही बूच लावून ठेवू नका. त्यातून क्लोरीन आणि नायट्रोसिल क्लोराइड वायू निघत राहतात आणि बंद बाटली फुटते. ॲसिटोनने विसळलेल्या भांड्यात ते ओतू नका. फ्लास्कच्या आतल्या बाजूला सगळीकडे फिरवून १० मिनिटे ठेवा, काढून घ्या, मग परीक्षेत पास झालेल्या पाण्याने निदान सहा-सात वेळा विसळा. ढवळायची चुंबकी कांडीही यातच धुवा. आधीच्या बॅचचे सोने तिच्यावर चिकटलेले असते आणि नवे कण त्याच्याभोवती वाढतात. वापरलेले अम्लराज भरपूर पाण्यात ओतून खाण्याच्या सोड्याने हळूहळू उदासीन करायचे. फेस येतो, म्हणून मोठे भांडे घ्या.

हूड नसेल तर अम्लराजाच्या वाटेला जाऊ नका. नवे बोरोसिलिकेट फ्लास्क घ्या, साबणाने धुवून पाण्याने खूप वेळा विसळा आणि ते फक्त याच प्रयोगासाठी राखून ठेवा.

सोन्याचे मीठ

क्लोरोऑरिक आम्ल (सोन्याचे पाण्यात विरघळणारे संयुग) बाजारात १ ग्रॅमच्या बाटलीत मिळते. लेबलवर तीन रेणू पाणी असलेला प्रकार आहे का ते बघा. हे स्फटिक हवेतले पाणी झटकन ओढून घेतात, त्यामुळे त्यातले थोडे तोलायच्या भानगडीत पडू नका. तोलेपर्यंत वजन वाढत जाते. शिवाय स्टीलचा चमचा लागला की त्यावरच सोने बसते आणि लोखंड द्रावणात उतरते. बाटली उघडायची, तिच्यातच पाणी घालायचे, विरघळलेले सगळे २५० मि.लि.च्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये न्यायचे, बाटली दोनदा-तीनदा विसळून तेही त्यातच, आणि खुणेपर्यंत पाणी. हे साधारण १० मिलिमोलर साठा-द्रावण झाले. तपकिरी बाटलीत, काळोखात ठेवा. गाळण कागदातून गाळू नका, कागदही त्याचे क्षपण करतो, म्हणजे संयुगातले सोने धातू होऊन बाहेर पडते. हाताला लागले तर त्वचेवर जांभळा डाग पडतो आणि तो काही दिवस जात नाही.

एका बॅचला यातले २.५ मि.लि. लागते. म्हणजे १ ग्रॅमच्या बाटलीत १०० बॅच होतात आणि एका बॅचमध्ये जेमतेम ५ मिलिग्रॅम सोने जाते. बाटलीची किंमत ऐकून घाबरणाऱ्या विभागप्रमुखांना हा हिशोब दाखवावा.

विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या घराघरात गलाईचा, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, धंदा माहीत असतो. तिथली मुले हमखास विचारतात की शुद्ध सोने विरघळवून हे मीठ घरच्या घरी का करू नये. घरी नाहीच, पण कॉलेजच्या हूडमध्ये करता येते. ९९.९ च्या वरचे सोने हवे. बावीस कॅरेटचे घेतले तर तांब्याने द्रावण हिरवट होते आणि चांदी पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसते. ०.१ ग्रॅम पातळ पत्रा, दीड मि.लि. हायड्रोक्लोरिक आणि अर्धा मि.लि. नायट्रिक, मंद उष्णता. विरघळले की वॉटर बाथवर (गरम पाण्याच्या भांड्यावर) पाकासारखे दाट होईपर्यंत आटवा, १ मि.लि. हायड्रोक्लोरिक घाला, पुन्हा आटवा, असे तीनदा. हे तीनदा आटवणे टाळले की नायट्रेट मागे राहते आणि पुढे रंग बिघडतो. कोरडे ठणठणीत मात्र होऊ देऊ नका, मीठ तुटून धातू परत निघतो. शेवटी ५० मि.लि.पर्यंत पाणी घाला. मुशीत सोन्याचा कस राखणे आणि इथे नायट्रेट काढून टाकणे या दोन्हींत शिस्त एकच लागते, पण वेळ फार जातो. पहिल्या प्रकल्पाला विकतची बाटलीच बरी.

उकळणे आणि रंग

झिग्मोंडी पोटॅशियम कार्बोनेट घालून फॉर्माल्डिहाइडने क्षपण करत. ते द्रव्य घातक आहे आणि पाण्याबद्दल ती पद्धत फारच हळवी आहे. आज सगळीकडे चालते ती सायट्रेटची पद्धत. टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९५१ साली नीट अभ्यासली, आणि फ्रेन्स यांनी १९७३ साली दाखवले की सायट्रेट कमी-जास्त करून कणांचा आकार ठरवता येतो.

ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट १ ग्रॅम, १०० मि.लि. पाण्यात, त्याच दिवशी. जुन्या द्रावणात बुरशी धरते, डोळ्यांना दिसत नसली तरी. २५० मि.लि.च्या कॉनिकल फ्लास्कमध्ये ९७.५ मि.लि. पाणी आणि २.५ मि.लि. साठा-द्रावण घ्या, वर वॉच ग्लास ठेवा, चुंबकी ढवळणीवर जोरात ढवळत खदखदून उकळू द्या. सांगलीच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. त्याने काही बिघडत नाही, पण बुडबुडे नुसते तळाला दिसतात त्याला उकळी समजू नका. मग सायट्रेटचे २ मि.लि. एका झटक्यात घाला. थेंब थेंब घातले की सुरुवातीला जन्मलेले कण मोठे होत राहतात, नंतरचे लहान राहतात आणि मिश्रण होते.

आता डोळे फ्लास्कवर ठेवा. फिकट पिवळा रंग मिनिटभरात नाहीसा होतो आणि क्षणभर वाटते की काहीच घडले नाही. मग शाई सांडावी तशी करडी-निळसर झाक येते, ती गडद होते, जांभळी होते, आणि काही मिनिटांत आटपाडीच्या डाळिंबाच्या रसासारखा स्वच्छ लाल रंग उभा राहतो. रंग स्थिर झाल्यावरही आणखी १० मिनिटे उकळू द्या, मग शेगडी बंद करून ढवळतच थंड करा. उडालेल्या पाण्याची भर घालून १०० मि.लि. करा.

२ मि.लि. सायट्रेटला कणांचा व्यास १६ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आसपास येतो, १ मि.लि.ला सुमारे ४० आणि ०.६ मि.लि.ला सुमारे ७० (हिशोबात ७२ धरू). कारण सायट्रेट क्षपणही करते आणि कणांवर बसून त्यांना ऋण प्रभारही देते. ते कमी पडले की पृष्ठभाग झाकायला पुरत नाही आणि कण मोठे होऊन थोडक्या पृष्ठभागावर भागवतात. मोठ्या कणांना अर्धा तास तरी उकळा. ते १६ च्या कणांइतके एकसारखे येत नाहीत, थोडे लांबुळकेही असतात, हे अहवालात लिहा.

लाल न होता जांभळ्यावरच अडले तर आधी काच, मग पाणी यांचा संशय घ्या. साठा-द्रावणात आम्ल जास्त असेल तरी असे होते, सामू (pH) उतरला की सायट्रेटचा प्रभार घटतो. उकळताना लाल होते पण थंड होताना निळे पडते, असे झाले तर क्षार कुठून तरी आत आले आहेत: बहुतेक वेळा नळाच्या पाण्याने विसळलेले मोजनळकांडे (मेजरिंग सिलिंडर). फ्लास्कच्या भिंतीवर सोनेरी आरसा चढला तर काचेवर ओरखडे आहेत. तयार कलिल तपकिरी बाटलीत, थंड जागी महिनोन्‌महिने टिकते, पण फ्रीजरमध्ये गोठले तर कायमचे गेले. बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात आणि वितळल्यावर ते सुटत नाहीत.

स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर १ सें.मी.च्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या चौकोनी पारदर्शक नळीत) कलिल घेऊन कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख घ्या. १६ नॅनोमीटरच्या कणांचे शिखर ५२० नॅनोमीटरजवळ येते, आणि मोठ्या कणांचे उजवीकडे सरकते. एक उपयोगी आकडा: सगळे सोने कणांत उतरले असेल तर ४०० नॅनोमीटरवर शोषण साधारण ०.६ येते. खूपच कमी आले तर क्षपण अर्धवट झाले आहे किंवा साठा-द्रावण सांगता तितके संहत नाही. ६०० च्या पुढे आलेखाची शेपटी वर उचललेली असेल तर कण एकत्र चिकटलेले आहेत.

कण डोळ्यांनी पाहणे

१९०३ च्या सुमारास येनाला झाइस कंपनीतले हेन्री झिडेनटॉप्फ यांच्यासोबत झिग्मोंडी यांनी अल्ट्रामायक्रोस्कोप बनवला. युक्ती अशी: प्रकाश खालून सोडायचा नाही. अरुंद फटीतून, भिंगाने बारीक केलेली शलाका बाजूने कलिलात सोडायची आणि तिच्याशी काटकोनात वरून सूक्ष्मदर्शकाने पाहायचे. पार्श्वभूमी काळी राहते आणि प्रत्येक कण प्रकाशाचा ठिपका होऊन दिसतो. त्याचा आकार दिसत नाही, फक्त तो आहे हे दिसते. पण एवढ्यावर त्यांनी मोजणी केली: माहीत असलेल्या घनफळात किती ठिपके, त्यात सोने किती, म्हणजे एका कणात किती, आणि त्यावरून व्यास.

कॉलेजात याची सोपी आवृत्ती जमते. यासाठी ७० नॅनोमीटरची बॅच घ्या. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे १६ च्या कणापेक्षा ७२ चा कण सुमारे आठ हजार पट उजळ असतो. लहान कण साध्या साधनांनी दिसणार नाहीत, त्यावर दिवस घालवू नका. कलिल शंभरपट पातळ करा. चारही बाजू पारदर्शक असलेला, बूच बसणारा क्युव्हेट आडवा करून सूक्ष्मदर्शकाच्या मंचावर ठेवा. लेझर पॉइंटर बाजूला पक्का बांधा, मध्ये ५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग, आणि शलाकेचा सर्वांत बारीक भाग वरच्या काचेच्या एक-दोन मि.मी. खाली आणा. १० पटीचे वस्तुभिंग वापरा, ४० पटीचे काचेवर आपटेल. स्वस्त पॉइंटर लेबलपेक्षा जास्त शक्तीचे निघतात, म्हणून डोळा लावायचा नाही. नेत्रिकेवर मोबाइलचा कॅमेरा बसवून पडद्यावरच पाहा, आणि शलाका जिथे संपते तिथे काळा पुठ्ठा ठेवा.

आधी निव्वळ पाणी भरून पाहा. हा टप्पा सोडणाऱ्यांचे सगळे आकडे वाया जातात, कारण पाण्यातली धूळही ठिपक्यासारखीच चमकते. पाण्यात ठिपके फार दिसले तर ०.२ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरने गाळा. पटल-गाळणीची ही कल्पनाही गॉटिंगेनला झिग्मोंडी यांनीच पुढे नेली, आणि आज पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत ती वापरली जाते.

कलिल भरल्यावर ठिपके अखंड थरथरताना दिसतील, ही ब्राउनी गती, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी. सगळे एकाच दिशेने वाहत असतील तर लेझरने पाणी तापले आहे, दोन मिनिटे बंद ठेवा. हिशोबाने ताळा पाहा: १०० मि.लि.मध्ये ५ मिलिग्रॅम सोने, घनता १९.३, व्यास ७२ नॅनोमीटर धरला तर मूळ कलिलात दर मि.लि.ला सुमारे १३०० कोटी कण येतात, शंभरपट पातळ केल्यावर १३ कोटी. म्हणजे २० मायक्रोमीटर बाजूच्या घनात सरासरी एक. पडद्यावर हजारो दिसत असतील किंवा जवळजवळ एकही नसेल तर कुठे तरी चूक आहे. शलाकेची जाडी नीट मोजता येत नाही, म्हणून या मार्गाने व्यासात पाव-एक भागाची चूक धरून चाला. व्यास मात्र संख्येच्या घनमुळावर अवलंबून असल्यामुळे मोजणीत दुपटीची चूक झाली तरी उत्तर फार ढळत नाही. खात्रीचे चित्र हवे असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात नमुना द्यावा. कोणते यंत्र चालू आहे आणि शुल्क किती, ते आधी विचारून घ्या.

सुवर्णांक

पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेली ही कसोटी झिग्मोंडी यांची, १९०१ सालची. कलिलात मीठ घातले की सायट्रेटचा प्रभार झाकला जातो, कण चिकटतात, लाल रंग निळा होतो. थोडे जिलेटिन आधी घातले तर होत नाही. १० मि.लि. लाल कलिलात १० टक्के मिठाचे १ मि.लि. द्रावण घातल्यावर रंगबदल जेमतेम रोखायला किती मिलिग्रॅम पदार्थ लागतो, तो त्याचा सुवर्णांक. जिलेटिनचा ०.००५ ते ०.०१, अरबी डिंकाचा ०.१५ ते ०.२५ असे त्यांचे आकडे आहेत. अंक जितका लहान तितके संरक्षण जास्त.

१६ नॅनोमीटरचे कलिल घ्या. जिलेटिन आधी थंड पाण्यात १० मिनिटे भिजवा, मग ५० अंशांपर्यंत कोमट करून विरघळवा. थेट गरम पाण्यात टाकले तर गुठळ्या राहतात. पातळ करत करत दर मि.लि.ला ०.०१ मिलिग्रॅम असे द्रावण करा. सात नळ्यांत प्रत्येकी १० मि.लि. कलिल, त्यात जिलेटिन ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८, १.० आणि १.५ मि.लि., आणि प्रत्येक नळीत जिलेटिन व पाणी मिळून दीड मि.लि. भर होईल इतके पाणी. हे पाणी विसरलात तर पातळपणामुळे रंग बदलल्यासारखा वाटतो. हलवा, ३ मिनिटे थांबा, मग प्रत्येकात मिठाचे १ मि.लि., लगेच हलवा. मीठ प्रयोगशाळेचे शुद्ध, घरचे आयोडीनयुक्त नको. पांढऱ्या कागदासमोर ५ मिनिटांनी पाहा. जिलेटिन नसलेली नळी निळी झालीच पाहिजे. नाही झाली तर मिठाचे द्रावण चुकले आहे.

पहिल्या आवृत्तीत कोणत्या दोन नळ्यांमध्ये रंग पालटतो ते कळले की त्यांच्यामधल्या अंतराचे बारीक भाग पाडून पुन्हा करा. तुमचे कलिल सायट्रेटचे आहे, झिग्मोंडी यांचे फॉर्माल्डिहाइडचे होते, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही. क्रम मात्र जुळला पाहिजे: जिलेटिन सर्वांत कमी, डिंक त्याच्या वर, बटाट्याचा स्टार्च फार वर. त्यानंतर शेताच्या बांधावरच्या बाभळीचा डिंक घ्या, फडक्यातून गाळून, दर मि.लि.ला १ मिलिग्रॅम असा. साबुदाण्याची पेज घ्या. डिंक वाळवून तोला, ओल्या डिंकाचे वजन फसवते.

सगळ्या नळ्यांतले निळे-लाल पाणी एकाच बाटलीत साठवा आणि वर ‘सोने’ असे लिहा. जास्तीचे मीठ घालून ठेवले की बरेचसे सोने काळसर गाळ होऊन काही दिवसांत खाली बसते. वरचे पाणी अलगद ओतून द्या, गाळ जपून ठेवा. जिलेटिन घातलेल्या नळ्यांतले कण मात्र मिठाला दाद देत नाहीत, ते पाणी वेगळे ठेवून आटवावे लागते.